जुन्या मोटरसायकलचं स्पीडोमीटर बिघडलं तर: काटा आणि आकडे काय सांगतात

जुन्या गाडीचा काटा बंद पडला की बहुतेक जण थेट नवी केबल टाकतात. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतंही. पण नवी केबल थोड्याच दिवसांत पुन्हा तुटली किंवा काटा पहिल्यासारखाच थरथरत राहिला, तर दुखणं दुसरीकडेच होतं हे उघड होतं. केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरमध्ये बिघाडाच्या जागा तीनच असतात: चाकाजवळचा गियर, मधली केबल आणि वरचं मीटर. यातली नेमकी कोणती, हे पाना हातात घेण्याआधीच बऱ्यापैकी ओळखता येतं. त्यासाठी आत काय चालतं ते आधी समजून घ्यायला हवं.

चाक फिरलं की हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, बसवलेला गियर फिरतो. त्याला काटकोनात लागलेला पिनियन, म्हणजे छोटा गियर, केबलच्या आतली तार फिरवतो. ही तार म्हणजे पोलादी तारांचे अनेक थर एकमेकांच्या उलट दिशेने घट्ट गुंडाळून केलेला दोर असतो. म्हणून ती हवी तशी वाकते, पण सहजासहजी पिळली जात नाही. वरच्या बाजूला तारेचं चौकोनी टोक मीटरच्या दांड्यातल्या चौकोनी भोकात बसतं. इथपर्यंतचा रस्ता एकच. इथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि सगळं निदान याच फाट्यावर अवलंबून आहे.

एक वाट किलोमीटरच्या आकड्यांकडे जाते. मीटरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे मळसूत्रासारखा दात, कापलेला असतो आणि तो दोन-तीन बारीक गियरमधून आकड्यांच्या चकत्या फिरवतो. इथे दाताला दात लागलेला असतो. दांडा जितका फिरला तितके आकडे सरकणारच, मधे कमी-जास्त व्हायला वाव नाही.

दुसरी वाट काट्याकडे जाते, आणि तिथे दात नाहीत, साधा स्पर्शही नाही. दांड्याच्या टोकाला एक लोहचुंबक असतो आणि त्याला अगदी खेटून, पण न टेकता, ॲल्युमिनियमची पातळ वाटी बसवलेली असते. चुंबक फिरला की वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह तयार होतात. त्या प्रवाहांचं चुंबकीय क्षेत्र वाटीला फिरत्या चुंबकामागे ओढू लागतं. वाटीच्या दांडीला केसासारखी बारीक गोल स्प्रिंग असते, ती वाटीला पूर्ण फेरा मारू देत नाही. ओढ आणि स्प्रिंगचा ताण जिथे सारखे होतात तिथे वाटी थांबते, आणि तिच्याच दांडीवरचा काटा तबकडीवर तो वेग दाखवतो. वेग दुप्पट झाला की ओढही दुप्पट, म्हणून काटाही दुप्पट सरकतो. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ साली या रचनेचं पेटंट घेतलं, आणि इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत बहुतेक गाड्यांच्या मीटरमागे हेच तत्त्व होतं.

आता गाडी थोडी चालवून काटा आणि आकडे दोन्ही बघा. दोन्ही बंद असतील तर फिरणं मीटरपर्यंत पोचतच नाही, म्हणजे दोष केबलमध्ये, चाकाजवळच्या गियरमध्ये किंवा केबल आणि मीटरच्या सांध्यात आहे. आकडे चालतात पण काटा मेलेला, तर केबल आणि गियर दोघंही निर्दोष आहेत आणि दोष मीटरच्या आत, काट्याच्या वाटेवर आहे. अशा वेळी नवी केबल घेणं म्हणजे निव्वळ वाया खर्च. काटा नीट आणि आकडे अडकलेले, तर मीटरमधला एखादा प्लॅस्टिकचा गियर तडकला आहे किंवा आपल्या दांडीवर सैल होऊन जागीच फिरतो आहे. जुनं प्लॅस्टिक आकसतं, ठिसूळ होतं आणि दांडीवरची पकड सोडतं. ट्रिप मीटर चालत्या गाडीवर शून्यावर आणायची सवय असेल तर हे गियर आणखी लवकर जातात, कारण फिरत्या दातांवर उलटा जोर पडतो. गाडी थांबवूनच ट्रिप शून्य करावी.

दोन्ही बंद असतील तेव्हा

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली आधार देऊन पुढचं चाक अधांतरी करा. मीटरच्या मागे केबल धरून ठेवणारी आट्यांची चकती हाताने सोडा. ती हातानेच घट्ट केलेली असायला हवी. गंजून जाम झाली असेल तर कापड गुंडाळून पक्कड हलकेच वापरा. केबल बाहेर काढून तिच्या टोकाकडे बघत चाक पुढच्या दिशेने फिरवा.

टोक फिरत असेल तर ते कापडाने चिमटीत धरा आणि चाक पुन्हा फिरवायला लावा. चिमटीतून ते जोराने सुटायला हवं. चिमटीत ते सहज थांबलं आणि चाक मात्र फिरत राहिलं, तर खाली कुठेतरी घसरतं आहे: गियरचे दात झिजलेत, किंवा तारेचं खालचं टोक गोल होऊन आपल्या खाचेत निसटतं आहे. टोक जोमाने फिरतं पण मीटर तरी बंद, तर टोकाचे कोपरे बघा. चौकोनाच्या कडा मऊ, गोल झालेल्या असतील तर ती तार गेली. कडा तीक्ष्ण असतील तर मीटरच्या दांड्यातलं भोक झिजलेलं असू शकतं, किंवा तार कव्हराबाहेर पुरेशी येत नसेल. मीटरच्या टोकाला तार साधारण १० मिलिमीटर बाहेर आलेली असावी. ती आखूड पडली तर कमी वेगात चालते आणि वेग वाढला की निसटते. उलट ती फार लांब असेल तर मीटरच्या दांड्याला खालून सतत दाबत राहते, टकटक आवाज येतो आणि दांडा जिच्यात फिरतो ती आतली बुश झिजते. बाजारात मिळणारी ‘चालून जाईल’ अशी केबल घेताना लांबीबरोबर ही टोकं जुन्या केबलशेजारी ठेवून जुळवावीत. खालचं टोक अनेक गाड्यांत चौकोनी नसून चपटं किंवा खाच पाडलेलं असतं.

टोक अजिबात फिरत नसेल तर खालची बाजूही सोडा. कुठे तिथे आट्यांची चकती असते, कुठे एक छोटा स्क्रू किंवा क्लिप केबलच्या गळ्यातल्या खाचेत बसलेली असते. तार ओढून बाहेर काढा. अर्धीच आली तर उत्तर मिळालं. पण तुटलेली टोकं फेकून देण्याआधी नीट बघा. तुटलेल्या जागी तार गंजून बारीक झालेली असेल तर केबलमध्ये पाणी शिरत होतं. तारेचे पदर उकलून पिंजारल्यासारखे झाले असतील तर तिच्यावर जास्त पीळ पडला होता, म्हणजे वर मीटर जड झालं आहे. असं मीटर न बघता नवी केबल टाकली तर तीही तशीच तुटणार. तपासणी सोपी आहे: जुन्या तारेचा वरच्या टोकाकडचा बोटभर तुकडा कापून मीटरमध्ये घाला आणि बोटांनी फिरवा. तो हलका, एकसारखा फिरायला हवा आणि योग्य दिशेने झटका दिला की काटा उडायला हवा. अडखळला, खरखरला किंवा फिरवायला जोर लागला तर आधी मीटर दुरुस्त करा.

तार अख्खी निघाली तर नजर चाकाजवळच्या गियरकडे वळवा. केबल काढलेल्या भोकात टॉर्च मारून चाक फिरवा. आतली खाच फिरत असेल तर तारेचं टोक दोषी. फिरत नसेल तर चाक काढावं लागेल.

चाकाजवळचा गियर

ही जागा जरा निवांत बघावी, कारण इथला बिघाड बहुधा झिजेने होत नाही, चाक चुकीचं बसवल्याने होतो. पंक्चर काढलं, टायर बदललं, ब्रेक लायनर टाकले आणि त्याच दिवसापासून मीटर बंद झालं, तर केबलला हात लावण्याआधी इथे या.

गियरला हबकडून फिरणं मिळतं ते एका पत्र्याच्या कड्यातून. या कड्याला समोरासमोर दोन छोटे कान असतात आणि ते हबमधल्या दोन खाचांत बसतात. चाक चढवताना कान खाचेत न बसता हबच्या काठावर टेकले आणि तसाच एक्सल आवळला, तर कान चेपतात किंवा कडं वाकतं. मग चाक फिरतं, कडं जागीच राहतं. चेपलेला कान ओळखू येतो: टोक दुमडलेलं, त्यावर घासल्याची चमक आणि हबच्या काठावर गोल ओरखडा. थोडा वाकलेला कान सरळ करता येतो. तडा गेलेला असेल तर कडं बदला.

गियर आणि पिनियन पुष्कळ गाड्यांत नायलॉनचे असतात. ग्रीस पुसून दात उजेडात बघा. जुन्या ग्रीसमध्ये पांढरट किंवा काळसर भुसा दिसला तर तो दातांचाच आहे. अशा वेळी गियर आणि पिनियन जोडीनेच बदला, कारण झिजलेल्या दातांबरोबर नवा दात फार काळ टिकत नाही. पिनियनच्या टोकांना पातळ वॉशर असतात, तेही जपून ठेवा. वॉशर हरवला तर पिनियन मागेपुढे सरकतो, दातांची पकड अर्धीच राहते आणि नवा गियर खाल्ला जातो.

ग्रीस लिथियमचं, चांगल्या दर्जाचं आणि मोजकंच. दात झाकले जातील आणि खोबणीत पातळ थर राहील एवढं पुरे. ड्रम ब्रेकच्या गाडीत हा गियर ब्रेक प्लेटमध्येच असतो. ग्रीस ठासून भरलं तर तापल्यावर ते लायनरवर उतरतं आणि पुढचा ब्रेक निकामी होतो. ऑइल सीलचा ओठ फाटला असेल तर तोही याच वेळी बदला, नाहीतर पाणी आत जाऊन ग्रीसची लापशी होते.

चाक परत चढवताना गियरचं घर अंगठ्याने हबवर दाबा आणि हलकेच फिरवत राहा. कान खाचेत उतरले की ते किंचित आत बसतं आणि सपाट टेकतं. मग एक्सल घालून, पूर्ण आवळण्याआधी, चाक फिरवून केबलच्या भोकातली खाच फिरते का ते बघा. आवळल्यावर चाक जड झालं तर कान बसलेले नाहीत. तिथेच थांबून पुन्हा उघडा. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या उंचवट्यात बसली आहे याची दोनदा खात्री करा. ती बसली नसेल तर ब्रेक दाबताच अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागीच लॉक होतं. मीटरपेक्षा हे हजारपट महत्त्वाचं आहे. एक्सल शेवटी गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच, म्हणजे आवळण्याच्या ठरावीक जोरावरच, आवळा.

काही जुन्या गाड्यांत केबल पुढच्या चाकातून नाही, तर गियरबॉक्समधून किंवा मागच्या चाकातून निघते. तपासणीची पद्धत तीच. फक्त गियरबॉक्समधून निघणाऱ्या केबलच्या बाबतीत मागचं किंवा पुढचं चेन स्प्रॉकेट बदललं की मीटरचं माप चुकतं, हे ध्यानात ठेवा.

काटा थरथरतो, आवाज येतो

कमी वेगात काटा नाचतो आणि वेग वाढला की स्थिर होतो, तर दोष जवळजवळ नेहमी केबलचा असतो. तार कोरडी असते, कुठेतरी मुडपलेली असते किंवा केबल फार घट्ट वळवलेली असते. अशी तार चिकटते, पीळ साठवते आणि मग झटक्यात सुटते, म्हणून चुंबक अडखळत फिरतो. तार बाहेर काढून पुसा, दोन्ही टोकं दोन हातांत धरून तिला इंग्रजी यू अक्षरासारखी लोंबू द्या आणि एक टोक बोटांत सावकाश फिरवा. चांगल्या तारेचं दुसरं टोक बरोबरीने फिरतं. मुडपलेली तार थांबते आणि उडी मारते, कधी अख्खा झोलच उलटा पडतो. तिला सरळ करायच्या भानगडीत पडू नका, बदला.

केबलचा कुठलाही वाक १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नसावा. मीटरमधून बाहेर पडल्यावरचे आणि गियरमध्ये शिरण्याआधीचे काही सेंटिमीटर तर सरळच हवेत. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि फोर्क दाबून बघा. केबल ताणली जाता कामा नये, चिमटली जाता कामा नये. फोर्कवरच्या तारेच्या कड्या याचसाठी असतात, त्या सोडून केबल बांधू नका.

ग्रीस लावायची योग्य पद्धत फार कमी ठिकाणी पाळली जाते. तारेला हलकं ग्रीस बोटांनी पातळ चोळा, खालच्या दोन-तृतीयांश भागालाच. तार कव्हरात पूर्ण घातल्यावर वरून २० सेंटिमीटर बाहेर ओढा, तेवढा भाग पुसून कोरडा करा आणि परत आत ढकला. कारण फिरती तार मळसूत्रासारखं काम करते आणि जास्तीचं ग्रीस वर चढवून मीटरमध्ये नेते. केबलमध्ये इंजिन ऑइल ओतणं तर त्याहून वाईट. तेल चुंबक आणि वाटीच्या फटीत शिरलं की दोघांना चिकटवू लागतं. मग काटा खऱ्यापेक्षा बराच जास्त वेग दाखवतो आणि गाडी थांबली तरी सावकाश, आळसावून खाली येतो. तबकडीवर तेलकट डाग दिसले तर हेच झालं आहे.

केबल नवी, नीट ग्रीस लावलेली, तरीही सगळ्या वेगांना काटा झोके घेतो किंवा अचानक टोकाला जाऊन आदळतो, तेव्हा मीटरमधली बुश झिजून चुंबक डगमगतो आहे आणि वाटीला घासतो आहे. मीटरमधून बारीक किंकाळीसारखा आवाज येणं ही कोरड्या बुशची खूण. या टप्प्यावर लक्ष दिलं तर घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, तोही नेमका दांड्याच्या बुशवर, पुरतो. दुर्लक्ष केलं तर दांडा जाम होतो आणि केबल घेऊन जातो.

चालतं, पण चुकीचं दाखवतं

इथे अंदाजाने काम करू नये. सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर ३०, ५० आणि ७० चा वेग काही सेकंद स्थिर धरा आणि जीपीएसवरचा वेग मागे बसलेल्याला टिपून घ्यायला सांगा. चालवणाऱ्याने फोनकडे बघू नये. त्याच फेरीत १० किलोमीटर अंतराला आकडे किती सरकले तेही नोंदवा.

थोडं जास्त दाखवणं हा दोष नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे मंजुरीच्या वेळी मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो, आणि जास्तीची मर्यादा खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर असते. म्हणजे खरा वेग ६० असताना ७० पर्यंत दिसलं तरी ते या मर्यादेत आहे. जुन्या गाडीला हा नियम लागू असो वा नसो, मापदंड म्हणून तो उपयोगी आहे. कमी दाखवणारं मीटर मात्र खरोखर धोक्याचं.

आता आकडे वाचा. तिन्ही वेगांना चूक सारखीच, समजा ८ किलोमीटरची, तर काटा आपल्या दांडीवर सरकला आहे किंवा चुकीच्या जागी बसवला आहे. चूक वेगाबरोबर वाढते, म्हणजे दर वेळी साधारण १५ टक्के, तर अंतराकडे बघा. अंतरही त्याच टक्क्याने चुकत असेल तर मीटर निर्दोष आहे. ते फिरवणारी तारच कमी-जास्त फेरे घेते. टायरचं माप बदललं आहे किंवा दुसऱ्या मॉडेलचा गियर बसला आहे. अंतर बरोबर आणि वेग मात्र टक्क्याने चूक, तर दोष चुंबकात किंवा स्प्रिंगमध्ये. कमजोर झालेला चुंबक सगळीकडे त्याच प्रमाणात कमी दाखवतो. टायर नुसतं झिजल्याने फार फरक पडत नाही: ३०० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाची ५ मिलिमीटर रबर गेली तर दीड-दोन टक्के, बस.

गियर योग्य आहे का हे घरीच मोजता येतं. जपानी पद्धतीच्या अनेक मीटरमध्ये ताशी ६० किलोमीटरला केबल मिनिटाला १४०० फेरे घेते. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर अंतर, म्हणजे दर मीटर अंतराला १.४ फेरे. चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर १.९ मीटर अंतर कापत असेल तर तेवढ्यात केबलने १.९ गुणिले १.४, म्हणजे सुमारे २.६६ फेरे घ्यायला हवेत. तारेच्या टोकाला चिकटपट्टीचं निशाण लावा, चाक दहा वेळा फिरवा आणि मोजा; २६ ते २७ फेरे आले की गियर बरोबर. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत १६०० असा आकडा असेल तर तो मैलामागचे फेरे सांगतो, म्हणजे मीटर अंतरामागे जवळजवळ एक. व्हीडीओ (VDO) या जर्मन कंपनीच्या मीटरच्या तबकडीवर ‘डब्ल्यू’ पुढे दिलेला आकडा थेट मीटर अंतरामागचे फेरे असतो. दुसरं मीटर घेताना हा आकडा जुळलाच पाहिजे. आकार आणि स्क्रूची भोकं जुळली म्हणून मीटर जुळत नाही.

मीटर गाडीवरून काढलेलं असेल तर त्याला ड्रिलने फिरवून तपासता येतं: जुन्या तारेचा तुकडा ड्रिलमध्ये धरा, दिशा गाडीतल्या केबलसारखी ठेवा, फेरे टॅकोमीटरने मोजा. १४०० ला काटा ६० वर यायला हवा. दिशा उलटी झाली तर काटा शून्याच्या खुंटीवर दाबला जातो, म्हणून आधी बोटांनी फिरवून बघा.

मीटर उघडावं का?

काच धरणारी धातूची कडा मागे दुमडलेली असते. ती एकदम उचकटू नका. बोथट पेचकसाने गोल फिरत थोडी थोडी उचला, तीन-चार फेऱ्यांत ती सुटते. काटा काढण्याआधी एक गोष्ट न चुकता करा. शून्याच्या खुंटीवरून तो हलकेच उचलून पलीकडे सोडा आणि मोकळा कुठे स्थिरावतो तिथे निशाण करा. बऱ्याच मीटरमध्ये मोकळा काटा शून्याच्या बराच मागे थांबतो, कारण स्प्रिंगला आधीच थोडा ताण दिलेला असतो. परत बसवताना काटा याच निशाणावर यायला हवा. थेट शून्यावर बसवला तर सगळे वेग चुकतात.

वाटी आणि चुंबकावरचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. छापील तबकडीला ते लागू देऊ नका, अक्षरं निघतात. केसासारख्या स्प्रिंगला हात लावू नका. तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले दिसले तर बहुधा तेल कारण असतं, आणि ते टिपल्यावर सुटतात. ती वाकवून वेग जुळवायचा प्रयत्न मीटर कायमचं घालवतो. चुंबकाची ताकद कमी-जास्त करायला खास यंत्र लागतं. ते काम मीटर दुरुस्तीवाल्याचं.

फार जुन्या मीटरबाबत सावध राहा. अंधारात चमकणारे आकडे आणि काटे रंगवायला पूर्वी रेडियमचा रंग वापरला जायचा. त्याची चमक आता गेलेली असली तरी किरणोत्सर्ग तसाच असतो. असा पिवळट-तपकिरी, भुगा होणारा रंग दिसला तर मीटर उघडू नका, खरवडू नका, फुंकर मारू नका.

जुन्या ब्रिटिश गाड्यांवर क्रोनोमेट्रिक मीटरही असतं. त्यात चुंबक-वाटी नसून घड्याळासारखी यंत्रणा ठरावीक क्षणांनी फेरे मोजते, म्हणून काटा छोट्या पायऱ्यांनी सरकतो. तो बिघाड समजून खोलू नका. आणि मीटर सेन्सरवर चालणारं असेल तर केबलऐवजी वायरिंग तपासायचं: मल्टिमीटरने सेन्सरच्या तीन वायरपैकी एकीवर वीजपुरवठा आणि एकीवर अर्थिंग येतं का बघा. मग चाक सावकाश फिरवत तिसरीवरचा व्होल्टेज वर-खाली होतो का बघा. होत असेल तर सेन्सर चांगला आहे. पुढे कनेक्टरचे हिरवे पडलेले पिन आणि हँडलच्या वळणाजवळ आतून तुटलेली वायर शोधा.

मीटर बदलावंच लागलं तर जुन्या मीटरवरचं शेवटचं रीडिंग, नव्याचं पहिलं रीडिंग आणि तारीख सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवा. पुढचं ऑइल, चेन आणि टायरचं सगळं गणित त्याच नोंदीवर चालणार आहे.